अठरावी बाब

विमा कंपनीला गिरधरभाऊ बैसाण्यांनी जे पत्र धाडलं, त्यात सतरा बाबी होत्या. गाडी साधी, पांढरी, जुनी घेतलेली, पाच माणसं बसतील एवढी. पण ती कारखान्यातून निघाली तशी आता राहिलेली नाही, हे ओळखून त्यांनी ‘मूळ गाडीत केलेले बदल’ असा मथळा घातला, खाली पट्टीने रेघ मारली आणि एकेक बदल लिहून काढला. पहिली बाब, सीट कव्हर, तपकिरी. पाचवी, पेट्रोलच्या टाकीला कुलूप. सहावी, स्टेपनीला साखळी, आणि साखळीला आणखी एक कुलूप. अकरावी, डॅशबोर्डवर चिकटवलेली बुद्धाची चार इंची मूर्ती. आणि सतरावी, मागच्या नंबरप्लेटला दोनऐवजी चार स्क्रू.

चार स्क्रू! कंपनीत ज्या कुणी ते पत्र उघडलं असेल, त्याने कपाळाला हात लावला असणार. पण गिरधरभाऊंचंही ऐकून घ्यायला हवं. एसटीत त्यांच्या बरोबरीने नोकरी केलेल्या चिंधा अहिऱ्याने गाडीला गॅसचं किट बसवलं होतं आणि कंपनीला कळवलं नव्हतं. पुढे गाडी ठोकली गेली, आणि कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं की बदल कळवलेला नाही, सबब काही मिळणार नाही. चिंधाची गाडी तेव्हापासून ताडपत्रीखाली पडून होती. तो धुळ्याच्या देवपुरात गिरधरभाऊंच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “गिरधर, कंपनीले बठ्ठं लिखी दे. एक बी गोष्ट सोडू नको. त्या लोके कारनच धुंडतस.”

हे सांगायला चिंधाची गरजच नव्हती. गिरधरभाऊंनी एकतीस वर्षं एसटी डेपोचं स्टोअर सांभाळलं होतं. सुट्या भागांचं स्टोअर म्हणजे काय, ते ज्याने सांभाळलं त्यालाच ठाऊक. खिडकीशी आलेला प्रत्येक माणूस चोर आहे असं धरून चालायचं, आणि तो चोर नाही असं निघालं तर तेवढ्यापुरतं समाधान मानायचं. निवृत्त झाले तरी ती नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाला पाणी घालतो. पंपावरचा पोरगा मीटर शून्यावर आणत नाही. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी पायाला सुया टोचून पाहिल्या आणि म्हणाले, “बैसाणे, तुमच्या पायाची जाणीव कमी झालीय, जपा.” तर बाहेर पडल्यापडल्या यांनी बायकोला, मंदाबाईंना सांगितलं, “याच्या भावाची लॅब आहे. गिऱ्हाईक पाठवतो, दुसरं काय!”

मागच्याच महिन्यात डेअरीवरून घरी आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. सरळ शेजारच्या चुडामणच्या कुत्र्यावर आळ घेतला. चुडामण बिचारा अर्ध्या तासाने चप्पल घेऊन आला, रस्त्यात पडली होती म्हणाला. गिरधरभाऊंनी चप्पल घेतली, दार लावलं आणि म्हणाले, “बघितलंस? मनाने खाल्लं त्याला.” पायातली चप्पल गळून पडते आणि माणूस दोन गल्ल्या तसाच चालत येतो, हे कसं काय, असा प्रश्न त्यांना पडला नाही. मंदाबाईंना पडला होता.

आणि गाडी! एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे सुटे भाग मोजले, आता अख्खी गाडी स्वतःची. एकोणसाठाव्या वर्षी शिकले, पण स्टिअरिंगला हात लावला की हा माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायचा. जावई राकेशने एकदा फाटकातून गाडी बाजूला घेतली, तर यांनी आधीचं किलोमीटर आणि नंतरचं किलोमीटर ताडून पाहिलं. उजव्या सीटवर दुसरं कुणी बसायचं नाही, हा कायदाच होता. आणि डाव्या सीटवर मंदाबाई. त्यांची पिशवी पायाशी, पाण्याची बाटली मांडीत, साडी पावलांपर्यंत. आतली झाडलोटही त्यांच्याकडेच. गिरधरभाऊ बाहेरून गाडी पुसायचे. सात वर्षांत ते डाव्या सीटवर एकदाही बसले नव्हते. कशाला बसतील?

तर पॉलिसी संपायला आठ दिवस उरले असताना कंपनीचा माणूस पाहणीला आला. भूषण नाव, पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र. गिरधरभाऊंनी ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला, मग फाटक उघडलं. भूषणने सतरा बाबी एकेक करून बघितल्या, हसू आवरत फोटो काढले. “काका, स्क्रू नाही लिहिले तरी चालतं बरं का.”

“आज चालतं म्हणाल. उद्या गाडी ठोकली की म्हणाल, स्क्रू कळवले नव्हते.”

भूषण कामाला लागला. चॅसिस नंबरचा फोटो हवा होता, आणि या गाडीत तो डाव्या बाजूला मॅटखाली कोरलेला असतो. त्याने डावं दार उघडलं, मंदाबाईंनी अंथरलेला गोधडीचा तुकडा बाजूला केला, मॅट उचलली आणि तसाच वाकून राहिला.

“काका, ही गाडी आधी ड्रायव्हिंग स्कूलची होती का?”

“काय?”

“नाही, इथे जादा ब्रेक आहे. शिकवणाऱ्याच्या बाजूला असतो तो. हा बघा पेडल. रॉड तुमच्या ब्रेकला जोडलाय.”

गिरधरभाऊ पळतच फेरी मारून डाव्या बाजूला आले. होता. खरंच होता. बोटभर रुंदीचा काळा रबर चढवलेला लोखंडी पेडल, ऐटीत उभा. सतरा बाबींची यादी हातात धरून गिरधरभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. अठरावी बाब त्यांच्या स्वतःच्या गाडीत होती आणि त्यांना पत्ता नव्हता! स्टोअरमध्ये असं कधी घडलं असतं तर त्यांनी राजीनामा दिला असता.

“मंदे!” त्यांनी हाक मारली. “हे इथे कधीपासून आहे?”

मंदाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. “मला काय माहीत? असेल आधीपासूनच.” आणि त्यांनी नळ सोडला. भांडी तर मघाशीच घासून झाली होती. गिरधरभाऊंच्या कानांनी ते बरोबर टिपलं.

भूषणने समजावून सांगितलं. “घाबरू नका काका. पण हे लपवून चालायचं नाही, फोटोत आलंय. ड्रायव्हिंग स्कूलसाठी वापरत असाल तर पॉलिसी वेगळी. घरच्या गाडीला असेल तर लिहून द्या, कुणी बसवला, कुणासाठी बसवला, कारण काय. नाहीतर सरळ काढून टाका, मी पुन्हा येऊन फोटो घेतो. पॉलिसी संपायच्या आत काय ते करा म्हणजे झालं.”

तो गेला आणि गिरधरभाऊंच्या डोक्यात चक्र सुरू झालं. गाडी कुणी घेऊन दिली? नशिराबादच्या नजीरने. नजीरचा बाप एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, म्हणून धुळ्यात शंभर गॅरेजं असून हे सर्व्हिसिंगला तिकडे जायचे. वृषाली, यांची मुलगी, जळगावात दिलेली. महिन्यातून एकदा लेकीकडे जायचं आणि तसंच पुढे नशिराबादला. म्हणजे नजीरने स्कूलची गाडी गळ्यात मारली! दोनशे शिकाऊ पोरांनी रगडलेली गाडी, भुसावळच्या कुणा डॉक्टरीणबाईंनी एकट्यानेच वापरलेली म्हणून!

आणि मग सगळंच जुळायला लागलं. वर्षभर गाडी मधूनच दबत होती. हे आरामात चाललेत आणि गाडी एकदम आखडते, आचका खाते, कधी बंदच पडते. आधी पेट्रोलवर संशय घेतला, पंप बदलला. मग तीन वेळा नजीरकडे गेले. तिन्ही वेळा तो बोनेटमध्ये डोकं घालून उगाच काहीतरी खुडबुड करायचा, “ब्रेकमध्ये धूळ बसली होती काका,” म्हणायचा आणि पैसे घ्यायचा नाही. पैसे न घेणारा मेकॅनिक! चोर आहे, असं गिरधरभाऊ तिन्ही वेळा घरी येऊन म्हणाले होते, ते उगाच नव्हे.

“उद्या सकाळी नशिराबाद,” त्यांनी जाहीर केलं. “त्याच्या हातून तो पेडल उपटून घेतो आणि तोंडावर मारतो.”

“मीपण येते,” मंदाबाई म्हणाल्या.

“तुझं काय काम तिथे?”

“वृषालीला शेवया द्यायच्यात.”

शेवया मागच्या फेरीलाच दिल्या होत्या. पण बाई ऐकेना. ती कधीच ऐकत नसे, हेही त्यांच्या आता लक्षात आलं. चौकातल्या दुकानात जायचं असलं तरी हिला यायचं असतं. यांनी किल्ली घेतली की ही पायात चपला सरकवून तयार. पूर्वी अशी नव्हती. आणि दीडेक वर्षापूर्वी दोन महिने रोज सकाळी पांझरा नदीकाठी फिरायला म्हणून जायची, परत यायची तेव्हा चपलेला धुळीचा कण नसायचा. तेव्हा त्यांना वाटलं होतं, भावाकडे जाऊन आपली गाऱ्हाणी सांगत असेल. रात्रभर गिरधरभाऊंनी बायकोच्या आणि नजीरच्या नावापुढे एकेक गोष्ट मांडून पाहिली. हिशेब काही लागेना.

सकाळी निघाले. मंदाबाई नेहमीसारख्या आधी जाऊन बसल्या, पिशवी पायाशी ठेवली.

“त्या पेडलला पाय लावायचा नाही,” गिरधरभाऊंनी बजावलं.

“बरं.”

“पाय मागे घे.”

“घेतले ना बाई! गाडी चालवा आता.”

पारोळा मागे पडलं. मोकळा चौपदरी रस्ता, सकाळचं ऊन, गाडी छान पळत होती. गिरधरभाऊ एक डोळा रस्त्यावर आणि एक बायकोच्या साडीच्या काठावर ठेवून होते. एरंडोलच्या अलीकडे दुभाजकाच्या फटीतून कापसाने भरलेला ट्रॅक्टर, इकडेतिकडे न बघता, सरळ समोर आला. ट्रॅक्टरवाल्याला एक शिवी हासडून गिरधरभाऊंनी ब्रेक दाबला. चांगला जोर लावून दाबला. गाडी जात राहिली. ट्रॉलीतला कापूस मोठा मोठा होत समोर आला, आणि मग एकदम गाडी आखडली, आचका दिला आणि हातभर अंतरावर बंद पडली.

ट्रॅक्टर आपल्या वाटेने निघून गेला. पाण्याची बाटली खाली गडगडत होती. गिरधरभाऊंनी मान वळवली. मंदाबाईंची साडी घोट्यापर्यंत वर सरकली होती आणि त्यांची उजवी चप्पल त्या पेडलवर घट्ट होती.

“तूच ती!” गिरधरभाऊ ओरडले. “तूच दाबतेस! वर्षभर मी म्हणतोय गाडी दबते, गाडी दबते, आणि तू शेजारी बसून… अगं मी दाबला होता ना ब्रेक!”

मंदाबाईंनी चप्पल पेडलवरून काढली. “हो. दाबला होता तुम्ही.”

“मग?”

“काही नाही. मी घाबरले. चला आता.”

जळगावात लेकीकडे न थांबता गिरधरभाऊंनी गाडी सरळ नशिराबादला काढली. गाडी मात्र त्यांनी चाळीसच्या वर नेली नाही. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

नजीरचं गॅरेज महामार्गाला लागून, पत्र्याचं. तो एका जीपखालून बाहेर आला, हात पुसत पुढे झाला. “आओ काका. काकी, सलाम.”

“सलाम गेला खड्ड्यात! स्कूलची गाडी विकलीस मला? तुझ्या बापाबरोबर एका डब्यात जेवलोय मी, आणि तू मला फसवलंस? चोर आहेस तू, चोर!”

नजीरचा चेहरा पडला. आतून त्याची बायको जरीना चहाचे पेले घेऊन येत होती, ती दारातच थांबली. “काका, गाडी भुसावळच्या डॉक्टरीणबाईंचीच होती. कागद तुमच्याच कपाटात आहेत. स्कूलची कधीच नव्हती.”

“मग पेडल काय आभाळातून पडला?”

नजीरने मंदाबाईंकडे पाहिलं. मंदाबाईंनी खाली पाहिलं. गिरधरभाऊंनी ते बरोबर हेरलं. स्टोअरच्या खिडकीशी दोन माणसं एकमेकांकडे अशी बघायची, तेव्हा एखादं बेअरिंग गायब झालेलंच असायचं.

“काकी,” नजीर हळूच म्हणाला, “अब मैं क्या बोलूं?”

“तू काही बोलू नको रे बाबा. तू उगाच शिव्या खातोयस.” मंदाबाई पुढे आल्या. “मी बसवून घेतला. चौदा महिने झाले. आपण वृषालीकडे जेवलो, तुम्ही झोपलात, गाडी इथे सर्व्हिसिंगला होती. मी नजीरला फोन केला. त्याला शपथ घातली.”

“तू? तुला काय कळतं पेडलमधलं?”

“ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बघितला होता. सकाळी फिरायला जायचे ना, ती तिकडेच. लायसनही काढलंय.”

बायको लायसन काढते, मेकॅनिकला शपथ घालते, गाडीत लोखंड बसवून घेते, आणि हे स्क्रू मोजत बसलेत!

“कशासाठी? कशासाठी पण?”

“पाळधीजवळ शेळ्या आडव्या आल्या होत्या, आठवतं? गाडी शेतात गेली. तुम्ही म्हणालात, त्या माणसाने मुद्दाम शेळ्या सोडल्या, भरपाई उकळायला. मी तुमच्या पायाकडे बघत होते हो. पाय ब्रेकच्या बाजूला होता. आणि तुम्ही तिथेच दाबत होतात, जीव खाऊन दाबत होतात. सांगितलं असतं तर ऐकलं असतं? डॉक्टर बोलले तर तुम्ही त्यांच्या भावाची लॅब काढलीत. माझं काय काढलं असतं?” मंदाबाईंचा आवाज फाटला, आणि एरवी शहरात राहून पुसट झालेली बोली तोंडात आली. “मन्हा बी जीव व्हता ना त्या गाडीमा. आन् तुमना बी.”

“म्हणजे चौदा महिने गाडी मी चालवतोय असं मला नुसतं वाटत होतं?”

“चालवत तुम्हीच होतात. थांबवत मी होते.”

हे मात्र त्यांना झोंबलं. मस्तकात गेलं. खोटं! पाय माझा, मला कळणार नाही? हे सगळे मिळालेत. डॉक्टर, ही, हा नजीर, कदाचित तो कंपनीवालासुद्धा. म्हातारा झाला, काढून घ्या त्याच्या हातून गाडी, एवढाच यांचा डाव. “काढ तो पेडल,” त्यांनी नजीरला फर्मावलं. “आत्ताच्या आत्ता. यादीत सतरा बाबी आहेत, सतराच राहतील.”

नजीरने पाना घेतला. तो उजव्या दारातून आत शिरला, पाठीवर झोपून स्टिअरिंगखाली डोकं घातलं. “काका, डावीकडे कुणीतरी बसा. मी म्हटलं की दाबायचं, म्हटलं की सोडायचं. रॉड ताणला की मगच नट सुटतो.”

“मी बसते,” मंदाबाई म्हणाल्या.

“तू लांब उभी राहा. तू पुष्कळ दाबलंस.”

आणि सात वर्षांत पहिल्यांदा गिरधरभाऊ आपल्या गाडीत डाव्या सीटवर बसले. सगळं उलटं दिसत होतं. त्यांनी उजवा पाय पुढे केला.

“दाबा काका.”

गिरधरभाऊंनी दाबलं.

“दाबा.”

“दाबलंय.”

“नाही काका, रॉड हलत नाहीये. दाबा.”

“अरे दाबलंय म्हणतो ना!”

गिरधरभाऊंच्या मनात लख्ख उजेड पडला. आलं ध्यानात! यांचं आधीच ठरलेलं आहे. हा म्हणणार हलत नाही, ती म्हणणार बघा, मी सांगत नव्हते? नाटक पकडायला म्हणून त्यांनी काचेतून मंदाबाईंकडे पाहिलं. नाटक असतं तर ती इकडे डोळे लावून उभी असती. पण मंदाबाई गाडीकडे पाठ करून, तोंडाला पदर लावून रस्त्यावरच्या केळीच्या ट्रककडे बघत होत्या. जरीनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

तेव्हा गिरधरभाऊ वाकले. पँट वर ओढली आणि पाय बघितला.

पाय पेडलवर नव्हता. पेडल डावीकडे, चार बोटं लांब होता. पाय बाजूच्या पत्र्याच्या उंचवट्यावर होता आणि तो पत्रा जीव खाऊन दाबत होता. चप्पल कधीच गळून आडवी पडली होती. अंगठा मागे वाकून पांढरा झाला होता, घोट्याची शीर ताठ झाली होती. डोळ्यांना सगळं दिसत होतं. पायाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. एकतीस वर्षांत एक वॉशर त्यांच्या नकळत स्टोअरबाहेर गेला नव्हता, आणि इथे स्वतःचा पाय कुठे आहे हे त्यांना वाकून बघावं लागत होतं.

ट्रॉलीतला तो कापूस डोळ्यांपुढे आला. मग त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलला, एखादी वस्तू उचलून फळीवर ठेवावी तसा तो पेडलवर ठेवला आणि गुडघ्यावर हाताने भार दिला.

“आता?”

“हां काका.” नजीरचा आवाज अगदी बारीक झाला होता. “आता हलला.”

नट सुटला, रॉड सुटला, पेडल निघाला. नजीरने तो वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवला. गिरधरभाऊ त्याच्याकडे न बघता म्हणाले, “नजीर, मी तुला चोर म्हणालो.”

“जाऊ द्या काका.”

“जाऊ कसं देऊ? तीन वेळा तू पैसे घेतले नाहीस, तिन्ही वेळा घरी जाऊन म्हणालो.”

“तोंडावर एकदाच म्हणालात,” नजीर हसला. “चहा घ्या, गार होतोय. बिनसाखरेचा आहे.”

चहा गिरधरभाऊंनी गाडीतच घेतला, डाव्या सीटवर. मंदाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल झाले होते. आता हा माणूस काय बोलतो, या धास्तीने त्या पदराशी चाळा करत होत्या.

“लायसन दाखव तुझं,” गिरधरभाऊ म्हणाले.

मंदाबाईंनी पिशवीतून छोटं पाकीट काढलं, पाकिटातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून लायसन. गिरधरभाऊंनी ते उजेडात धरलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला, मुदत वाचली. सगळं बरोबर होतं. खिशातून किल्ली काढताना त्यांचा हात जरा रेंगाळला. मग त्यांनी ती बायकोच्या हातात दिली.

मंदाबाई उजवीकडे बसल्या. सीट पुढे ओढली, आरसा वळवून घेतला. गिरधरभाऊंच्या जिवाची घालमेल झाली, सात वर्षं तो आरसा त्यांच्या डोळ्यांना लावलेला होता. पण त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून यादीची प्रत काढली, पेन काढलं. पेडल आता गाडीत नव्हता. त्याबद्दल लिहायचं कारण उरलं नव्हतं. सतरा बाबींवर सही ठोकून कागद मिटवता आला असता.

त्यांनी सतराव्या ओळीखाली नवी ओळ घातली.

‘१८. चालक. आधी: गिरधर बैसाणे. आता: मंदाबाई बैसाणे. कारण: आधीच्या चालकाचा उजवा पाय भरवशाचा राहिलेला नाही. हे त्याने स्वतः तपासून पाहिले आहे.’

खाली तारीख घातली, सही केली.

“निघू का?” मंदाबाईंनी विचारलं.

“थांब,” गिरधरभाऊ म्हणाले. त्यांनी वाकून आपले दोन्ही पाय मॅटवर आहेत ना, आणि दोन्ही पायांत चपला आहेत ना, ते बघून घेतलं. मग सरळ बसले.

“हां, निघ.”